आबालाल रहिमान : कोटितीर्थाकाठचा चित्रकार

आपल्या या कार्यक्रमात आम्ही कधी शेळीपालनावर बोलतो, कधी बँकेच्या कर्जावर, कधी बाळंतिणीच्या आहारावर. आज विषय जरा वेगळा आहे. आज एका चित्रकाराची गोष्ट सांगायची आहे. माणूस आपल्या शेजारचाच, कोल्हापूरचा. नाव आबालाल रहिमान. काळ आहे व्हिक्टोरिया राणीचा. ही राणी १८३७ ते १९०१ अशी त्रेसष्ट वर्षांहून जास्त काळ गादीवर होती. आपल्या आज्या-पणज्यांच्या गाठोड्यात ज्या राणीछाप रुपयांची मोजदाद व्हायची, त्या रुपयावरची बाई ती हीच.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना चित्रकाराचं काय? आमचं म्हणणं असं की काय आहे ते ऐकून तर घ्या. यात घागर आहे, तांब्या आहे, जवसाचं तेल आहे, बाभळीचा डिंक आहे. हाताला कसब असूनही पदरात काय पडतं, हा प्रश्न आहे. आणि आपण केलेलं काम आपल्यामागं राहतं की पाण्यात जातं, हाही प्रश्न आहे. हे प्रश्न आपल्या गटात दर महिन्याला निघतात.

स्थिरचित्र म्हणजे काय?

आधी एक शब्द समजून घेऊ. शाळेत ज्या मुलींनी चित्रकलेची एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट परीक्षा दिली असेल त्यांना तो माहीत असेल. एलिमेंटरीला 'वस्तुचित्र' असतं, इंटरमिजिएटला 'स्थिरचित्र' असतं. परीक्षेच्या दिवशी वर्गाच्या मध्ये टेबल मांडतात, त्यावर कापड पसरतात. एक घागर, एखादी बाटली, दोन वांगी, एखादं केळं असं काहीतरी ठेवतात. मुलं गोल बसून ते बघत बघत काढतात. हेच स्थिरचित्र. माणूस नाही, देव नाही, लढाई नाही. जागेवर असलेल्या मुक्या वस्तू, आणि त्यांच्यावर पडलेला उजेड.

युरोपात ही चित्रं चारशे वर्षांहून जास्त काळ निघतायत. डच चित्रकारांनी पाव, मासे, लिंबं, काचेचे पेले असे रंगवले की हात लावून बघावंसं वाटतं. पण मोठ्या कलासंस्थांमध्ये या चित्रांना शेवटच्या पंगतीत बसवायचे. पहिला मान पुराणकथांच्या आणि इतिहासाच्या चित्रांना, मग राजे-सरदारांच्या तसबिरींना, मग निसर्गचित्रांना. फुलं-फळं-भांडी सगळ्यांच्या खाली.

आणि याच खालच्या जागेवर बायकांना शिरायला वाट मिळाली. लंडनमध्ये रॉयल अकॅडमी नावाची मोठी कलासंस्था १७६८ साली निघाली. तिच्या संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या, त्यातली एक, मेरी मोझर, फुलांची चित्रं काढणारी. पण तिथल्या शाळेत शिकायला पहिली विद्यार्थिनी आली ती १८६० साली. लॉरा हर्फर्ड तिचं नाव. तिनं आपल्या चित्रांवर पूर्ण नाव न घालता फक्त आद्याक्षरं घातली होती. पुरुष समजून त्यांनी तिला घेतलं, आणि मग नाही म्हणता येईना. आत गेल्यावरही कितीतरी वर्षं बायकांना माणसाचं शरीर समोर बसवून शिकू दिलं जात नव्हतं. मग त्या काय काढणार? घरात जे समोर होतं ते. मार्था आणि ॲनी म्युट्री या मँचेस्टरच्या दोघी बहिणी फुलं आणि फळं काढूनच नावारूपाला आल्या.

म्हणजे बघा, ज्या वस्तूंमध्ये आपला जन्म जातो त्या वस्तू 'कमी' मानलेल्या. आणि त्यांच्यात रमणाऱ्या बायकाही 'कमी' मानलेल्या. हे लक्षात ठेवून आता कोल्हापूरला जाऊ.

अक्षरं सजवणाऱ्या घरातला मुलगा

आबालालांचा जन्म १८५७ च्या आगेमागे कोल्हापुरात झाला. अब्दुल अझीझ हे त्यांचं मूळ नाव. घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचं आणि सजवण्याचं काम चालायचं. छापखाने गावोगाव नव्हते तेव्हा पोथी काय, कुराण काय, हातानंच लिहायचं. सुबक अक्षर, भोवती वेलबुट्टीची चौकट, मध्येच सोनेरी रंग. असं काम बघत वाढलेल्या पोराचा हात स्थिर आणि नजर बारीक व्हायचीच. फारसी-अरबीचं शिक्षणही घरातूनच मिळालं.

या जुन्या कामाची रीत आपल्याला परकी नाही. रंग म्हणजे गेरू, काजळ, हिंगूळ, हरताळ, नीळ. रंग कागदाला धरून राहावा म्हणून त्यात बाभळीचा डिंक. आधी रेघ, मग रेघेच्या आत सपाट रंग. आपली रांगोळी बघा, दारातली कणा-रांगोळी असो की संक्रांतीची, तीही रेघेची आणि सपाट रंगाची कला आहे. तिच्यात सावली नसते. कमळाची पाकळी डाव्या बाजूला उजळ आणि उजव्या बाजूला काळपट असं आपण करत नाही. गरजही नसते.

आबालालांना मुंबईला पाठवलं जाण्यामागं एका बाईचा हात होता असं सांगतात. कोल्हापुरात इंग्रजांचा रेसिडेंट राहायचा. त्याच्या घरी आबालाल भाषा शिकवायला जात. रेसिडेंटच्या बायकोनं त्यांची चित्रं बघितली आणि हा मुलगा मुंबईच्या चित्रशाळेत गेला पाहिजे असा आग्रह धरला. १८८० साली आबालाल मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेव्हा कोल्हापूरला रेल्वे नव्हती, ती आली १८९१ साली. पुण्याकडं जाणारा मोठा रस्ता कऱ्हाड-साताऱ्यावरूनच होता, आणि त्यावर बैलगाड्या चालायच्या. अशा काळात घर सोडून चित्र शिकायला मुंबईला जाणं ही लहान गोष्ट नव्हे.

जे. जे. मध्ये काय शिकवायचे?

जे. जे. ही शाळा १८५७ साली सुरू झाली. सर जमशेटजी जीजीभॉय या पारशी व्यापाऱ्यानं त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. आबालाल तिथं गेले तेव्हा जॉन ग्रिफिथ्स हे साहेब शाळेचे प्रमुख होते. याच ग्रिफिथ्सनी १८७२ पासून पुढं बारा-तेरा वर्षं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्यातल्या बऱ्याच नकला लंडनला नेल्या आणि तिथं १८८५ साली आगीत जळाल्या.

शिकवण्याची पद्धत लंडनहून आलेली, पायरी-पायरीची. आधी छापील चित्रांवरून रेघा. मग प्लास्टरचे पांढरे पुतळे आणि नक्षीचे तुकडे. मग भांडी, फळं, कापड अशा वस्तू. आणि शेवटी समोर बसलेला जिवंत माणूस. वस्तूंची पायरी चुकवून कुणाला वर जाता येत नसे. कारण उजेड आणि सावली समजून घ्यायला तांब्यासारखा गुरू नाही.

कसं ते सांगतो. आज रात्री घरी करून बघा. एक पितळी तांब्या घ्या. बाकीचे दिवे मालवा आणि एकच दिवा तांब्याच्या एका बाजूला ठेवा. आता शांत बसून बघा.

पहिलं, तांब्याचं तोंड. आपल्याला पक्कं माहीत आहे की ते गोल आहे. पण समोर बसून बघितलं तर ते गोल दिसत नाही, चपटं लांबट दिसतं. ताटातली भाकरी वरून बघितली तर गोल, आणि जमिनीवर बसून कडेनं बघितली तर पट्टीसारखी, तसंच. नवशिका माणूस माहीत असलेलं काढतो, म्हणजे तोंड गोल काढतो आणि तांब्या वाकडा दिसतो. शिकलेला माणूस दिसतं ते काढतो.

दुसरं, उजेड. दिव्याकडच्या बाजूला एक अगदी पांढरा ठिपका चमकतो. त्याच्याभोवती पितळेचा पिवळा. मग रंग हळूहळू तपकिरी होत जातो. आणि सगळ्यात काळा पट्टा अगदी कडेला नसतो, कडेच्या थोडा अलीकडं असतो. कडेला पुन्हा जरा उजळ दिसतं, कारण खालच्या जमिनीवर पडलेला उजेड उलटून तांब्याला लागतो. हा उलटा उजेड सापडला की कागदावरचा तांब्या फुगतो, गोल होतो, पाण्यानं भरल्यासारखा वाटतो.

तिसरं, सावली. तांब्याची सावली जमिनीवर पडते ती तांब्याजवळ गडद आणि लांब गेली की फिकी. सावली काढली नाही तर तांब्या हवेत तरंगतो.

एवढं समजलं की घागर, नारळ, वांगं, माणसाचं डोकं, डोंगर सगळं त्याच हिशेबानं काढता येतं. म्हणून वस्तूंच्या पायरीवर मुलांना कितीतरी दिवस बसवायचे. सपाट वेलबुट्टीच्या घरातून आलेल्या आबालालांनी हे उजेड-सावलीचं शास्त्र असं आत्मसात केलं की शाळेत त्यांचं नाव झालं. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचं पदक मिळालं. सगळ्या हिंदुस्थानावर राज्य करणारा जो इंग्रज अधिकारी, त्याच्या नावाचं पदक कोल्हापूरच्या पोरानं मिळवलं.

साधनंही नवी होती. डिंकाचे रंग पाण्यातले, लगेच वाळणारे. जे. जे. मध्ये तैलरंग आले. तैलरंग म्हणजे रंगाची पूड तेलात खललेली, आणि ते तेल कुठलं? जवसाचं. ज्या जवसाची आपण चटणी करतो त्याचंच. हे तेल हवेनं सावकाश घट्ट होतं, वाळायला दिवस लागतात. त्यामुळं ओल्या रंगात रंग मिसळता येतो, वरून दुसरा हात देता येतो. १८४१ साली रंग भरायची कथलाची नळी निघाली, आपल्या टूथपेस्टसारखी. तोवर चित्रकाराला रंग खलत घरातच बसावं लागायचं. नळी आल्यावर तो रंग पिशवीत टाकून तळ्याकाठी, माळावर जाऊन बसू लागला.

त्याच शाळेतला रंग न दिसणारा विद्यार्थी

इथं आपल्या सांगली जिल्ह्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आबालाल जे. जे. मध्ये असतानाच, १८८५ साली, बेळगाव भागातला एक सोळा वर्षांचा मुलगा तिथं चित्रकला शिकायला आला. हात चांगला होता. पण पुढं लक्षात आलं की त्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. डोळ्यातच दोष. रंगकाम सोडावं लागलं. तो मुलगा मग यंत्रांची चित्रं काढायला शिकला, पुढं मुंबईच्या तंत्रशाळेत तेच शिकवू लागला, आणि शेवटी लोखंडी नांगर बनवू लागला. त्याचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर. १९१० साली औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. याच वाडीतून १९३० साली 'स्त्री' हे मासिक निघालं, बायकांनी वाचावं आणि बायकांनी लिहावं म्हणून.

आमच्या गटांत कुणाची मुलगी परीक्षेत नापास झाली, कुणाचा धंदा बसला, की लगेच "तिला जमतच नाही" असं बोललं जातं. जे. जे. मध्ये रंग जमला नाही त्या मुलाची रेघ मात्र पक्की झाली होती. रेघेवरच त्यानं नांगर बनवला. शिकलेलं वाया जात नाही, त्याला दुसरी वाट काढून द्यावी लागते.

कोल्हापूरला परत

शिक्षण संपवून आबालाल कोल्हापूरला परत आले. मुंबईत राहिले असते तर साहेब लोकांच्या, शेठ लोकांच्या तसबिरी काढून पैसा मिळाला असता. त्या काळच्या चित्रकाराचा पोटापाण्याचा मार्ग तोच. पण आबालाल गावी आले ते गावचेच झाले.

१८९४ साली शाहू महाराज गादीवर आले. महाराजांना पैलवान ओळखता यायचा तसा कलावंतही ओळखता यायचा. त्यांनी आबालालांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. आबालालांचा मुक्काम कोटितीर्थाकाठी होता. आज शाहू मिलच्या बाजूला जे तळं दिसतं तेच कोटितीर्थ. तिथं ते फकिरासारखे राहायचे आणि रोज चित्र काढायचे.

त्यांनी माणसं काढली, जनावरं काढली, वस्तू काढल्या. पण त्यांचा खरा जीव रमला तो तळ्याकाठच्या उजेडात. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट. रंकाळ्यातला संध्यामठ त्यांनी रंगवला ते चित्र आजही नावाजलं जातं. जाणकार सांगतात की तांब्यावरचा उजेड बघायला शिकलेली नजर त्यांनी तळ्याच्या पाण्यावर लावली. सकाळचं पाणी वेगळं, दुपारचं वेगळं, दिवेलागणीचं वेगळं. रंग एकसारखा फासण्याऐवजी ते लहान लहान ठिपक्यांनी, फटकाऱ्यांनी तो लावायचे, आणि लांबून बघितलं की ते ठिपके एक होऊन उजेड थरथरल्यासारखा दिसायचा. त्याच सुमारास तिकडं फ्रान्समध्ये काही चित्रकार असंच काहीतरी करत होते. आबालाल मात्र आपल्या तळ्याकाठी बसूनच तिथपर्यंत पोचले.

पैशाची बाजू कशी होती? चित्र विकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कोल्हापुरात त्यांच्याबद्दल ज्या आठवणी सांगतात त्यात हे नेहमी येतं की रंग विकत घ्यायला पैसे नसले तर ते माती, पानं, फुलं यातून रंग करायचे, आणि मिळेल त्या कागदाच्या तुकड्यावर काढायचे. एवढं मोठं पदक मिळवलेला माणूस! पण दर ठरवणं, गिऱ्हाईक शोधणं, पैसे मागणं हे त्यांनी केलं नाही. त्यांचा सगळा भार एका आधारावर होता, तो म्हणजे महाराज.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. वय अवघं सत्तेचाळीस. आबालालांच्या पायाखालची जमीन सरकली. पुढची गोष्ट कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आता बघणारा उरला नाही, मग चित्रं कुणासाठी ठेवायची, असं म्हणून आबालालांनी आपली चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. त्यांनी आयुष्यात वीस हजारांच्या आसपास चित्रं केली असंही लोक सांगतात. आज त्यातली अगदी थोडी हाताशी आहेत.

त्यानंतर आबालाल नऊ वर्षं जगले. २८ डिसेंबर १९३१ रोजी त्यांचं निधन झालं. पुढं ज्या कोल्हापूरला लोक 'कलापूर' म्हणू लागले, चित्रकार आणि सिनेमावाल्यांचं गाव म्हणू लागले, त्या गावच्या चित्रपरंपरेत पहिल्या मोठ्या नावांत आबालालांचं नाव घेतात.

दुसरी वाट : मेरियन नॉर्थ

याच काळातली एक इंग्रज बाई बघा, म्हणजे फरक कळेल. मेरियन नॉर्थ. तिनं लग्न केलं नाही. वडील गेल्यावर रंगांची पेटी घेऊन ती जगभर एकटी फिरली आणि जिथं जाईल तिथली झाडं, फुलं, फळं रंगवली. १८७७ ते १८७९ या काळात ती हिंदुस्थानातही हिंडली. फुलं काढणारी बाई म्हणजे 'हौशी', असं म्हणून तिला बाजूला सारणं सोपं होतं. पण तिनं स्वतः पुढाकार घेतला. लंडनच्या क्यू या मोठ्या वनस्पती बागेला तिनं पत्र लिहिलं : माझी चित्रं ठेवायला इमारत मी माझ्या पैशानं बांधून देते, तुम्ही जागा द्या. १८८२ साली ती इमारत लोकांसाठी उघडली. कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर हेही तिनंच ठरवलं. आज तिथं तिची आठशेहून जास्त चित्रं एकत्र आहेत, आणि जी झाडं नंतर दुर्मिळ झाली त्यांचा पुरावा म्हणून अभ्यासकही ती बघतात.

आता हे खरं की तिच्याकडं वडिलोपार्जित पैसा होता आणि राज्य तिच्याच लोकांचं होतं. आबालालांकडं यातलं काही नव्हतं. म्हणून दोघांची तुलना करून आबालालांना नावं ठेवणं बरोबर नाही. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : काम करणं हा एक भाग, आणि केलेलं काम जपण्याची सोय करणं हा दुसरा भाग. दुसरा भाग आपोआप होत नाही.

औंधचा डोंगर

जपण्याचं काम आपल्या सातारा जिल्ह्यात एका राजानं केलं. खटाव तालुक्यातलं औंध, यमाईचं औंध. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब, स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्कारांसाठी त्यांचं नाव घेतात तसं चित्रांसाठीही घेतलं पाहिजे. त्यांनी आयुष्यभर चित्रं आणि मूर्ती जमवल्या आणि १९३८ साली यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उघडलं. राजा रवि वर्मांची चित्रं तिथं आहेत. मूळच्या कोल्हापूरच्याच महादेव विश्वनाथ धुरंधरांची आहेत. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची 'आई आणि मूल' ही दगडी मूर्ती आहे, ती तर डोळे भरून बघावी. आणि इमारत अशी बांधली आहे की वरून येणारा दिवसाचा उजेड चित्रांवर पडावा.

या धुरंधरांची मुलगी अंबिका. तिनं १९३१ साली जे. जे. चा डिप्लोमा मिळवला. तिथून शिकून बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी ती एक. योगायोग बघा, ज्या वर्षी आबालाल गेले त्याच वर्षी. आबालाल जे. जे. मध्ये गेले त्याला तेव्हा पन्नास वर्षं होऊन गेली होती. वडील तिथलेच नामवंत शिक्षक, म्हणून तिला दार उघडं मिळालं. बाकीच्या किती जणी घरातच रांगोळी काढत राहिल्या असतील, त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत.

आपल्या वाकळी आणि आपली नावं

आता आपल्याकडं येऊ. आपल्या गटांत वाकळ शिवणाऱ्या आहेत. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडताना लाल शेजारी हिरवा लावायचा की पिवळा, हे त्या कुठल्या शाळेत शिकल्या नाहीत. बुट्ट्या-सुपं विणणाऱ्या आहेत, भांडी घडवणाऱ्या कुंभारीण ताई आहेत, रुखवत मांडणाऱ्या आहेत. या सगळ्या कामांना लोक काय म्हणतात? "बायकांचं फावल्या वेळचं काम." लंडनला फुला-फळांच्या चित्रांना जी जागा दिली होती तीच ही. आणि जागा कमी म्हणून दरही कमी.

आबालालांच्या गोष्टीवरून आम्ही गटांसाठी चार गोष्टी सुचवतो.

एक, कामावर नाव घाला. वाकळीच्या कोपऱ्यात टाक्यानं करणारीचं नाव, गाव आणि वर्ष लिहा. बुट्टीला चिठ्ठी बांधा. पुढं पन्नास वर्षांनी नातीनं ती वाकळ उलगडली तर तिला कळलं पाहिजे की ही कुणाची.

दोन, वस्तू विकण्याआधी तिचा मोबाईलवर फोटो काढा. दिवसाच्या उजेडात, खिडकीच्या बाजूला, मागं साधं कापड धरून. मघाशी तांब्याचं सांगितलं तेच इथं लागू होतं : उजेड एका बाजूनं आला की वस्तू उठून दिसते. आणि हे फोटो गटाच्या नावानं एका ठिकाणी ठेवा. हाच आपला संग्रह.

तीन, एकाच आधारावर राहू नका. एकच व्यापारी, एकच दुकान, एकच मोठं गिऱ्हाईक, आणि ते गेलं की गट बसला, असं आम्ही पाहिलं आहे. आबालालांना महाराजांसारखा दाता मिळाला होता, तरी शेवट काय झाला ते आपण ऐकलं. निदान तीन ठिकाणी माल जाईल असं बघा. दर ठरवताना कापडाचा, दोऱ्याचा हिशेब धरताच, तसे हाताचे दिवसही धरा. वाकळीला वीस दिवस लागले तर वीस दिवसांची मजुरी वहीत लिहा. मग गिऱ्हाईकाशी बोला.

चार, मुलींना चित्रकलेच्या परीक्षेला बसवा. "चित्रं काढून पोट भरतं का" म्हणून फॉर्म अडवू नका. या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, हा एक फायदा. पण त्याहून मोठा फायदा म्हणजे बघायची सवय लागते. माहीत आहे ते न काढता दिसतं ते काढायचं, ही सवय शिवणकामात उपयोगी पडते, शेतातलं पीक बघताना पडते, आणि कागदावर सही करण्याआधी तो कागद नीट बघतानाही पडते.

सहलीचंही ठरवा. गटाची यात्रा निघते तेव्हा औंधला यमाईचं दर्शन होतंच. मग तिथल्या संग्रहालयात तासभर थांबा. कोल्हापूरला अंबाबाईला जाल तेव्हा टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जा. तिथं आबालालांची चित्रं आहेत. चित्रापुढं उभं राहायला फार शिकलेलं असावं लागत नाही. आधी एवढंच शोधा की उजेड कुठून आलाय. तो सापडला की पुढचं चित्र आपोआप बोलायला लागतं. आणि परत येताना कोटितीर्थावरून या.

पुढच्या बैठकीत बोलण्यासाठी तीन प्रश्न देतो. आपल्या गावात हातानं सुंदर काम करणारी, पण जिचं नाव कुठं लिहिलेलं नाही अशी म्हातारी कोण आहे? तिच्या हातची एखादी वस्तू आज कुणाच्या घरात आहे? आणि तिच्याकडून ते काम शिकून घ्यायला या महिन्यात कोण जाणार? उत्तरं गटाच्या वहीत लिहा, वस्तूचा फोटो काढा आणि आमच्याकडं पाठवा. पुढच्या भागात आम्ही ती नावं वाचून दाखवू. नमस्कार.